सतरा नंबरची नोंद

सोमवार, ४ तारीख

पोचलो एकदाचे! सामान म्हणजे दोन बॅगा, एक गादी, एक भिंतीवरचं घड्याळ आणि आई. चार वर्षं मी वसतिगृहातल्या एका कॉटवर काढली आणि आईने मावशीच्या घरी पाहुणी म्हणून. आता एक घर, एक दार, आणि दाराची किल्ली आपल्या हातात. नोकरीपेक्षा घर मिळाल्याचाच आनंद मला जास्त झालाय, फक्त हे साहेबांना कळू द्यायचं नाही.

वसाहत कंपनीची आहे. तीसेक बैठी घरं, मधून रस्ता, एका टोकाला ऑफिस आणि दुसऱ्या टोकाला फाटक. आमचं घर सतरा नंबरचं. दोन खोल्या, ऊन येणारी खिडकी, दोन पलंग. बॅगा फाटकावरच्या पहारेकऱ्याने उचलून आणल्या. चाळिशीचा माणूस, भारी बोलघेवडा. आधी या घरात तोच राहायचा म्हणे, एकटाच. एकट्या माणसाला दोन पलंग कशाला दिले होते ते त्याला कधी कळलंच नाही, दुसऱ्यावर तो कपडे टाकायचा. आई म्हणाली, आता दोन्हींवर माणसं झोपतील बरं.

आईने सगळ्यात आधी घड्याळ लावलं, आणि नेहमीसारखं दहा मिनिटं पुढे. मी सातवीत असल्यापासून ही तिची युक्ती आहे. पोरगी वेळेवर निघावी म्हणून. ते पुढे आहे हे मला पक्कं माहीत असतं, म्हणून मी मनातल्या मनात दहा वजा करते आणि व्हायचा तो उशीर होतोच. ही रोजनिशीही तिनेच आणून दिली. दिवसभर यंत्राशी बोलशील, संध्याकाळी थोडं माणसासारखं लिहीत जा, असं म्हणाली.

मंगळवार, ५

कामाचा पहिला दिवस. वसाहतीतल्या प्रत्येक गोष्टीची इथे एक छोटीशी फाइल असते: घर, माणूस, दिवा, बाक, झाड. सगळ्या फाइली व्हर्जन कंट्रोलमध्ये. कुणी काय बदललं, कधी, का, हे सगळं त्यात राहतं आणि जुनं काही हरवत नाही. ऑफिसात सगळे त्याला 'दप्तर' म्हणतात. रोज सकाळी बरोबर दहाला 'सफाई' नावाची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा एक छोटा प्रोग्रॅम, चालते. वसाहतीत प्रत्यक्षात काय काय आहे याची पाहणी-यादी ती घेते, दप्तराशी ताडून बघते, आणि दप्तरात जे सापडत नाही त्याची वेगळी यादी छापते. एखादं नाव लागोपाठ तीन दिवस त्या यादीत आलं की तिसऱ्या दिवशी त्याच्यापुढे 'काढलं' असं येतं. या स्क्रिप्ट जुन्या आणि लहरी झाल्यात. त्या नीट लिहून काढायच्या, हे माझं काम.

समोरच्या टेबलावर चष्मेकाका बसतात. चष्मा असा जाड की त्यांचे डोळे आपल्यापेक्षा दोन पावलं मागे उभे आहेत असं वाटतं. इथला नियम असा, की दुसऱ्या माणसाच्या मंजुरीशिवाय स्क्रिप्टमधला स्वल्पविरामसुद्धा बदलता येत नाही, आणि माझे मंजुरीदार म्हणजे काका. पेपरमिंट चघळत, पडद्यावर बोट ठेवून ते एकेक ओळ वाचतात. जीव जातो, पण माणूस गोड आहे.

दुपारी आमच्या नोंदी केल्या, पहिल्या दिवशी त्यांना मंजुरी लागत नाही. माणसाच्या फाइलीला घराचाच नंबर देतात, म्हणून मी १७. आईसाठीही १७ टाकलं तर यंत्र म्हणतं, हे नाव आधीच आहे, दुसरं द्या. दुसरं कुठलं देऊ? काका जेवायला गेले होते. वैतागून 'आई' असं टाईप केलं आणि ते चक्क चाललं. कार्डावरही तेच छापून आलं. आईने ते गळ्यात घालून आरशात पाहिलं आणि म्हणाली, एवढ्या वर्षांत कुणीतरी माझा हुद्दा बरोबर लिहिला.

गुरुवार, ७

दोन दिवस डोकं फुटायची वेळ आली आहे.

व्हर्जन कंट्रोलच्या कमांड, म्हणजे दप्तराला द्यायचे हुकूम, दोन जातीच्या असतात. काही माणसांनी वाचावं म्हणून उत्तर देतात, नीटनेटकं, शब्दांत, बाण वगैरे काढून. काही रुक्ष, कुरूप उत्तर देतात, पण वर्षानुवर्षं तेच आणि तसंच. स्क्रिप्टने टेकू घ्यायचा तो रुक्ष कमांडचा, हे शाळकरी पोरालाही सांगता येईल. माझ्या आधी हे काम करणाऱ्या बाईने (भाषेवरून बाईच) पानापानावर टिपा लिहून ठेवल्यात: माणसांसाठीचं उत्तर स्क्रिप्टला खाऊ घालू नये. खाली सही म्हणून फक्त '१७'. कोण होती विचारलं तर काका म्हणतात, माझ्या आधीची असेल. साहेब म्हणतात, कोणी नव्हतं, स्क्रिप्ट पहिल्यापासूनच आहेत. म्हणजे आभाळातून पडल्या!

रुक्ष कमांडशी दोन दिवस झटले. काही केल्या याद्या जुळेनात. शेवटी हात टेकले आणि माणसांसाठीची कमांड घेतली. दहा मिनिटांत सगळं सुरळीत. त्या ओळीवर काकांचं बोट थांबलं. हे टिकेल का, असं त्यांनी विचारलं. टिकेल हो, असं मी जरा तोडूनच म्हणाले. त्यांनी मंजुरी दिली.

एक गंमत. सुताराने हौसेने बनवलेलं एक बाक बारा नंबरसमोर होतं, सोमवारी मी आणि आई त्यावर बसलो होतो. आज तिथे नाही. पायांच्या खुणाही नाहीत, सगळीकडे सारखं गवत. सुताराला विचारलं तर तो म्हणतो, कुठलं बाक? उगाच शहाणपणा करत होता.

सोमवार, ११

नऊ नंबरचं छप्पर गळतं म्हणून काका शनिवारी एकवीसमध्ये राहायला गेले. आम्ही दोघी मदतीला गेलो होतो. आईने त्यांची भांडी एकेक करून कागदात गुंडाळली आणि एकटा माणूस इतके कप कशाला ठेवतो म्हणून त्यांना भरपूर चिडवलं. काका लाजून लाल झाले. दप्तरातही त्यांच्या फाइलीचं नाव ९ चं २१ करून झालं.

आजच्या यादीत '२१, पहिला दिवस' असं आलं. काका म्हणाले, पाहणी जुनी असेल, होईल एक-दोन दिवसांत आपोआप. मीही मान डोलावली. कामाचा ढीग पडलाय, त्यात कुठे एका आकड्याच्या मागे लागू.

मला खरा वैताग आहे तो यादीच्या डोक्यावर रोज येणाऱ्या एका ओळीचा. अवतरणचिन्ह, मग तिरप्या रेघा आणि आकडे, तिरप्या रेघा आणि आकडे. कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखं. पुढे लिहिलेलं असतं 'सोडली'. काका म्हणाले, गेल्या आठवड्यापासूनच येतेय ही ओळ, आधी नव्हती.

मंगळवार, १२

आज सकाळी आईशी भांडले. घड्याळ बघून ओल्या केसांनी पळत सुटले, आणि ऑफिसला कुलूप! घाईत दहा वजा करायलाच विसरले होते. चिडून परत आले आणि म्हणाले, ते घड्याळ एकदा खरं लाव, मी आता लहान नाही. ती टेबल पुसत राहिली. मग मलाच कसंतरी झालं, पण माफी मागायला थांबले नाही.

तो राग ऑफिसात निघाला. त्या कचऱ्याच्या ओळीचं मूळ शोधलं. जुन्या बाईने स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलं होतं: अवतरणचिन्हाने सुरू होणारी ओळ सोडून द्यावी, कारण विचारू नये. सही १७. कारण विचारू नये म्हणजे काय? ही स्क्रिप्ट आहे की मंत्र? ती ओळ उडवून टाकली. कशासाठी बदल केला त्या जागी लिहिलं, 'कचरा साफ'.

काका बराच वेळ बोट ठेवून बसले. काहीतरी कारण असेल तिचं, असं पुटपुटले. मी म्हणाले, असेल तर लिहायचं होतं. त्यांनी पेपरमिंटची पुडी माझ्यापुढे सरकवली आणि मंजुरी दिली.

यादीत २१, दुसरा दिवस.

बुधवार, १३

काका आले नाहीत. एवढंच असतं तर काही नव्हतं, पण त्यांचं टेबलही नाही. खिडकीजवळची ती जागा मोकळी, फरशीवर ऊन. टायपिस्टबाईंना विचारलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, म्हणाल्या, तुमच्यासमोर कधीच कोणी बसत नव्हतं. साहेब म्हणाले, नव्या जागी असं होतं, पाणी प्या. सगळ्यांनी मिळून थट्टा मांडली असेल तर तिला काही मर्यादा हवी की नको?

एकवीसला गेले. कुलूप, आणि कुलपावर धूळ. खिडकीतून डोकावले तर आत काहीच नाही.

घरी येऊन आईला म्हटलं, तुझे कपवाले काका गायब झालेत. ती म्हणाली, कोण काका? मी म्हटलं, शनिवारी तू त्यांची भांडी बांधलीस. ती हसली, म्हणाली, शनिवारी आपण दिवसभर घरीच होतो की गं, तुझं डोकं दुखत होतं.

आई थट्टा करत नाही. तिला ती जमतच नाही.

आजची यादी बॅगेत आहे. '२१, काढलं.' आणि खाली ती कचऱ्याची ओळ. 'पहिला दिवस.'

गुरुवार, १४, दुपार

मागची पानं वाचली. अक्षर माझं आहे. पण हे चष्मेकाका कोण?

चष्मा जाड होता असं मीच लिहिलंय, म्हणून होता. पेपरमिंट चघळायचे, तेही मीच लिहिलंय. चेहरा आठवायचा प्रयत्न करते तर खिडकीवरचं ऊन दिसतं.

दप्तर उघडलं. माझ्या बदलांना मंजुरी देणारा कोणीतरी आहे. आधी ९, मग २१. म्हणजे माणूस होता. नंतर माझी स्क्रिप्ट वाचली. कमांडने सरळ सांगितलं होतं, '९ → २१', एकाच ओळीत, माणसाला कळावं असं. माझ्या स्क्रिप्टने त्यातला पहिला आकडा उचलला आणि बाकीचं टाकून दिलं. तिच्या हिशेबी दप्तरात एकवीस नव्हताच. त्यांनी विचारलं होतं, टिकेल का. मी काढलं त्यांना. मी.

मग आजची यादी. ती कचऱ्याची ओळ, 'दुसरा दिवस'. पहिल्यांदाच ती नीट पाहिली.

"\340\244\206\340\244\210"

रोमन नसलेली अक्षरं आली की ही कमांड ती अक्षरं छापत नाही, त्यांचे आकडे छापते. तीन आकड्यांचं एक अक्षर. पाहणीतलं नाव असं आकड्यांत येतं, दप्तरातलंही असंच येतं, पण अवतरणचिन्हांशिवाय, म्हणून दोन्ही कधीच जुळत नाहीत. पहिले तीन आकडे सोडवले. 'आ'.

पुढचे सोडवायची गरज पडली नाही.

उद्या तिसरा दिवस.

गुरुवार, संध्याकाळ

दुरुस्ती पाच मिनिटांत झाली. जुन्या बाईची ओळ परत घातली, पाठवली. पडद्यावर आलं, 'मंजुरीची वाट पाहत आहे:' आणि पुढे रिकामं. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, वाट कुणाची पाहायची तिथे कोणाचं नावच नाही, म्हणजे काही अडलेलं नाही, निवांत राहा. निवांत!

मंजुरीदार बदलून मागितला. त्याला आधीच्या मंजुरीदाराची मंजुरी लागते.

सफाई एक दिवस थांबवायची — मंजुरी. आईची नोंद १७-२ करायची, इथे सगळे तसंच करतात असं आज कळलं — मंजुरी. साहेबांवर ओरडले. त्यांनी दार लावून घेतलं.

आईला म्हटलं, चल, मावशीकडे जाऊन येऊ. तिला घेऊन फाटकावर गेले. माझं कार्ड चाललं. तिचं टेकवलं तर पडद्यावर तिरप्या रेघा. फाटक उघडेना. पहारेकरी बिचारा किल्ल्या घेऊन खटपट करत राहिला. भिंत उंच आहे आणि आईचे गुडघे जिन्यालासुद्धा नाही म्हणतात.

एकच फाइल मंजुरीशिवाय बदलता येते. आपली स्वतःची. पण तिच्यातून काढलेल्या नावाला तीन दिवसांची मुदत नसते, ते पुढच्याच सफाईत जातं.

सतराचा इतिहास उघडला. सगळ्यात वर मी. माझ्या खाली पहारेकरी. त्याच्याही खाली एक बाई, आणि तिने केलेला शेवटचा बदल: 'स्वतःचं नाव काढलं, धाकट्या भावाचं घातलं. वेळ ९:५२.' आणि ती ओळ, कारण विचारू नये म्हणणारी, तिने दोन दिवस आधीच पाठवली होती. मंजूर झाली ती तिने नाव काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी ती ओळ खोडली. कचरा साफ.

पुन्हा फाटकावर गेले, पहारेकऱ्याला विचारलं, तुम्हाला बहीण आहे का? तो हसला. म्हणाला, आपण एकुलते एक, ताई. मग म्हणाला, घरात दोन पलंग होते ना, त्याचं मात्र अजून वाटतं कधीकधी.

घरी आले तर आई म्हणाली, चेहरा का असा? मी म्हटलं, ऑफिसचा ताण. तिने डोक्यावरून हात फिरवला. तिच्या मांडीवर बराच वेळ पडून राहिले. मला तिचा फार राग यायचा, घड्याळाचा, सारखं विचारण्याचा. आता वाटतंय, विचारत राहा. रोज विचार.

शुक्रवार, १५, सकाळ

केलं.

सतरा नंबरच्या फाइलीतून माझं नाव काढलं, आईचं घातलं. नोंद पक्की झाली. इतिहासात पाहिलं, दोनदा, आता तिथे तीच आहे. दहाला ती कचऱ्याची ओळ निघाली तरी सतरामध्ये ती राहील, मी नाही. माझं कार्ड तिच्या गळ्यात घातलं. तुझ्या कार्डाची अक्षरं पुसट होत आहेत असं सांगितलं. ती कुरकुरली, यावर माझा हुद्दा नाही म्हणून.

घड्याळात नऊ सत्तेचाळीस. म्हणजे खरे नऊ सदतीस. वेळ आहे.

आत्ताच आत जात नाही. गेले तर तिच्यासमोर रडेन. हे पान पुरं करते, मग जाते. शेवटची दहा मिनिटं नुसती तिच्याजवळ बसेन.

काकांची पानं राहिली, म्हणजे हेही राहील. आई, हे तुला सापडेल. ही रोजनिशी कुणा वेडीची नाही. पांढरी गोळी सकाळी, पिवळी अर्धी, जेवणानंतर. वरच्या फळीवरचं सगळं खाली काढून ठेवलंय, तुझा हात पोचेल. चष्मा उशीखाली घेऊन झोपू नकोस. दुसरा पलंग कशाला, असं तुला रोज वाटेल. त्यावर कपडे टाकू नकोस —

दहाला पाच. म्हणजे पावणेदहा.

मंगळवारी ओरडले, त्याबद्दल — मी लहानच आहे. ते घड्याळ पुढेच असू दे —

ती आतून विचारतेय, चिमे, आज ऑफिस नाही का, दहा वाजत आले. मी म्हटलं, तुझ्या घड्याळात.

हसतेय. म्हणते, नाही गं. तू म्हणालीस ना, म्हणून कालच खरं लावलं —

नऊ एकोणसाठ

आई इकडे ये, राहू दे चहा, आधी माझ्याकडे बघ, मी तुझी